आपल्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर
(१९७५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'शाळेचा इतिहास' हा विषय दिला. मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली आणि जुने कागद चाळायची खोड मला अजून आहे, हेच त्याचं कारण असावं. ड्रॉइंगच्या सरांची छडी, पाण्याच्या टाकीमागची बोरं, गॅदरिंगचं नाटक, हे सगळं माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे इथे बसलेत. मी बोलणार आहे ते दाखल-खारीज रजिस्टरबद्दल. शाळा आता भरत नाही, पण ही रजिस्टरं अजून आहेत.

आपण शाळेला 'मल्टी' म्हणायचो. बाहेरगावच्या माणसाला ते कळायचं नाही. मुदलियार आयोगाच्या शिफारशीनंतर देशभर बहुउद्देशीय हायस्कुलं निघाली. सुतारकाम, शेती, यंत्रकाम शिकवून पोरं कामाला लागावीत असा तो विचार होता. आपल्याकडे त्यातली सुतारकामाची शेड आली, रंधे आले, नाव आलं. पुढे रंध्यांना गंज चढला तरी नाव मात्र टिकलं.

पण शाळा मल्टीच्याही आधीची. निजामाच्या काळात ही 'मदरसा वस्तानिया' होती, म्हणजे मिडल स्कूल. खालची प्राथमिक ती तहतानिया, वरची हायस्कूल ती फौकानिया. फौकानियासाठी पोराला गाव सोडावं लागे, बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी. वस्तानियापासून शिक्षण उर्दूतून. माझे वडील या शाळेत शिकले. ते शेवटपर्यंत त्रिकोणाला मुसल्लस म्हणायचे आणि हिशेब करताना तोंडाने जर्ब, तकसीम चालायचं. शेतकऱ्याच्या पोराला घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि दोन्हींत नापास व्हायची भीती. बरेच जण तिथेच गळाले. जे टिकले त्यांची उर्दू अशी पक्की होती की पुढे कोर्टकचेरीत त्यांना कुणी फसवू शकलं नाही, हेही सांगायला हवं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पुण्या-साताऱ्याकडच्या तालुक्याच्या गावात हायस्कूल बहुधा एखाद्या संस्थेचं असतं. तिकडे १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १९१९मध्ये कर्मवीरांची रयत निघाली, आणि लोकांनी शाळा काढायची रीत पडली. हैदराबाद संस्थानात खाजगी शाळेला परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, सेलूचं नूतन अशा मोजक्या शाळा झगडून उभ्या राहिल्या. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला मुख्याध्यापक होते. बाकी मराठवाड्यात शाळा म्हणजे सरकारची शाळा. म्हणून इकडे सावकाराचं पोर आणि सालगड्याचं पोर एकाच बाकावर आलं. तो कुणाचा मोठेपणा नव्हता, दुसरी शाळाच नव्हती.

आता रजिस्टर. सगळ्यांत जुनं जे शिल्लक आहे ते उर्दूत आहे आणि तारखा फसली सनाच्या. आजूर, दै, बहमन असे महिने. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इंग्रजी साल येतं. १३५६ फसली म्हणजे १९४६-४७. उर्दू वही उजवीकडून उघडते. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं आणि कारभार मराठीत आला, तेव्हा कुण्या काटकसरी कारकुनाने नवी वही न मागवता तीच उलटी केली, हाताने रकाने आखले आणि डावीकडून मराठीत लिहायला सुरुवात केली. मधे काही कोरी पानं राहिली आहेत. मी ती वही पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ नुसता मागून-पुढून बघत बसलो.

पुढचं भराभर सांगतो. मुक्तीनंतर हायस्कूलचे वर्ग आले. १९५६ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६०ला महाराष्ट्रात. १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि सरकारी शाळा त्यांच्याकडे गेली. प्रत्येक वेळी शिक्का बदलला. रजिस्टरात चार राज्यांचे शिक्के आहेत, आणि शिपायाचं घराणं एकच.

मग आपण आलो. आठवीत होतो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी कोण विसरेल? वर्गातली पंधरा-सोळा पोरं आई-बापासोबत खडी फोडायला गेली होती. नियम असा, की पोरगं सलग गैरहजर राहिलं की पटावरून नाव कमी. नाव कमी झालं की पुन्हा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा हेलपाटे. एकदा गेलेलं पोरगं बहुधा परत येत नसे. आपले तेव्हाचे मुख्याध्यापक धोतर-कोटातले, तोंडाने फटकळ. त्यांना कुणी मायाळू म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी रजिस्टरात १९७२-७३चा 'खारीज'चा रकाना शोधला. जवळजवळ कोरा आहे. त्या वर्षाच्या पानांत मात्र टाचणीने लावलेले रजेचे अर्ज आहेत, एकाच वळणदार अक्षरातले. खाली वेगवेगळ्या बापांचे अंगठे. 'मुलगा आजारी असल्याने', 'मुलगा आजारी असल्याने', 'मुलगा आजारी असल्याने'. अक्षर मुख्याध्यापकांचंच. म्हणजे हा माणूस सायकलवर खडीच्या कामावर जाऊन अंगठे घेऊन आला होता, आणि याबद्दल शाळेत एक शब्द बोलला नव्हता. त्या पंधरा-सोळांतले काही आज या मांडवात बसलेत. त्यांना हे माहीत होतं की नाही, मला माहीत नाही.

नववीत असताना, १९७४ला, विकास आंदोलन. वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी गेले, आपली शाळाही बरेच दिवस बंद होती. रजिस्टरात त्याची नोंद नाही. तिथे फक्त माणसं आली कधी आणि गेली कधी एवढंच असतं. १९७५ला आपण नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी म्हणून बाहेर पडलो आणि मास्तरांना आपल्यावर प्रयोग करायला मिळाला.

शाळा बंद का पडली, यावर चहाच्या टपरीवर एकच उत्तर मिळतं : इंग्रजी माध्यम. मला ते अर्धं वाटतं. रजिस्टर बघितलं तर पिवळ्या बसेस गावात यायच्या आधीच पानं रोड होऊ लागली होती. गणिताची जागा रिकामी राहिली, मग विज्ञानाची. ज्याला परवडलं त्याने पोरगं काढून अनुदानित शाळेत घातलं. पट घसरला, संचमान्यतेत आणखी जागा कमी झाल्या, त्यामुळे आणखी पोरं गेली. शेवटच्या काही वर्षांचे सगळे प्रवेश मिळून दोन पानं भरत नाहीत, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुली आहेत. घरात एकाच पोराची फी भरायची ऐपत असली की मुलगा बसमध्ये आणि मुलगी मल्टीत. म्हणजे शेवटपर्यंत ही शाळा ज्यांना दुसरी शाळा नव्हती त्यांचीच राहिली. उरलेल्या मुली शेजारच्या शाळेत समायोजित झाल्या. सुतारकामाच्या शेडमध्ये आता निवडणुकीचं साहित्य असतं.

मग हे सगळं आज का सांगतोय? कारण ती रजिस्टरं वर्गाच्या एका खोलीत लोखंडी कपाटात आहेत, वरचे पत्रे गळतात, आणि खालच्या खणाला वाळवी लागली आहे.

त्या कपाटाकडे लोक रोज येतात. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. ज्याच्या घरात सातबारा नाही, खरेदीखत नाही, त्याच्याकडे आजोबाच्या शाळेतली एक ओळ एवढाच पुरावा असतो. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हापासून निजामकालीन नोंदी शोधणारेही येऊ लागले. आरक्षणाबद्दल या मांडवात दहा मतं असतील, असू देत. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावचा एक शेतकरी आला होता. गावातले निवृत्त उर्दू शिक्षक आणि मी, दोघांनी तीन दिवस पानं लावली. आजोबाचं नाव सापडलं. वयाचा रकाना वाळवीने खाल्ला होता, बापाचं नाव आणि जात शाबूत होती. तो माणूस ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "आमचा म्हातारा शाळंत गेला होता, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं."

तेव्हा माझं मागणं असं. कमान, पुतळा, नावाची फरशी याला मी वर्गणी देणार नाही, आधीच सांगतो. जिल्हा परिषदेची रीतसर परवानगी घेऊन सगळी रजिस्टरं स्कॅन करून घ्यायची, मूळ प्रती त्यांच्याच ताब्यात पण कोरड्या खोलीत ठेवायच्या, आणि उर्दू पानांचं मराठी लिप्यंतर करायचं. उर्दू सर तयार आहेत. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून हे याच वर्षी व्हायला हवं. परवानगीचा अर्ज मी लिहून आणलाय, जेवणाआधी सह्या करा.

आणखी एक. मुक्तीनंतरच्या काही वर्षांचं एक रजिस्टर कपाटात नाही. तुमच्या वडिलांचा, काकांचा, आत्याचा त्या काळातला शाळा सोडल्याचा दाखला घरातल्या ट्रंकेत असेल तर त्याचा फोटो मला पाठवा. त्यावर रजिस्टरचा अनुक्रमांक असतो. तेवढे आकडे जमले तर ती वही निदान थोडीफार पुन्हा मांडता येईल.