पाय खोटा की तार खोटी?

(समुदाय रेडिओ केंद्रावरून प्रसारित झालेलं भाषण)



मी कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरात आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं. त्यांच्या हाताखाली मी डायनामो, सेल्फ, हॉर्न, वायपरच्या मोटारी खोलायला शिकले. त्याला आता तीस वर्षं झाली. तरी नवं गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतंच, "मालक नाहीत का?" मी म्हणते, "मालकच बोलतेय, गाडी आत घ्या."

आज तुम्हाला एका वेगळ्या गाडीची गोष्ट सांगायची आहे. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे. तिच्या कॉलेजची मुलं मिळून एक छोटी रेसिंग गाडी बनवतात. एकच सीट, चाकं उघडी, पाइप जोडून केलेली चासी. अशा विद्यार्थी गाड्यांच्या स्पर्धा 1981 साली अमेरिकेत सुरू झाल्या. आपल्याकडे कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत नावाची स्पर्धा भरते. तिथे गाडी नुसती पळून चालत नाही. शेवटच्या मोठ्या फेरीत ती सुमारे 22 किलोमीटर टिकावी लागते. मुलांच्या गाडीत केटीएम 390 चं इंजिन होतं, म्हणजे आपल्या चाकणला बनतं तेच.

भाची ही गाडी चालवायची. टीममध्ये दोन चालक, दुसरा मुलगा. सरावात दहा मिनिटं झाली की हिची एकच तक्रार, "डावीकडच्या लांब वळणावर इंजिन ओढत नाही, गचके देतं." बाकीची मुलं म्हणायची, "तू पाय ढिला सोडतेस." हिचं म्हणणं, "पेडल पार तळाला असतं माझं."

मग मुलांनी गाडीत डेटा लॉगर बसवला. डेटा लॉगर म्हणजे गाडीची रोजनिशी लिहिणारी डबी. इंजिनचे फेरे किती, ॲक्सिलरेटर किती दाबला, ब्रेकचा दाब किती, बॅटरीत व्होल्ट किती, हे सगळं ती सेकंदाला कितीतरी वेळा टिपून ठेवते. नंतर लॅपटॉपवर त्याचा आलेख दिसतो.

पुढच्या सरावाचा आलेख काढला. दहाव्या मिनिटानंतर ॲक्सिलरेटरची रेघ शंभर टक्क्यांवरून खाली आलेली! साडेब्याण्णवच्या वर जाईचना. झालं. मुलं म्हणाली, "बघ, मशीन खोटं बोलत नाही." मोठ्या फेरीला तिला न बसवता दुसऱ्यालाच बसवायचं, असं बोलणं सुरू झालं.

त्या रात्री तिचा मला फोन आला. खरं सांगते, मी पहिल्यांदा म्हटलं, "दमली असशील गं, पाय आपोआप सैल पडतो." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, तू पण?" ते दोन शब्द मला झोंबले. मी म्हटलं, "तो आलेख पाठव."

आलेख नीट बघितला तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. पहिली, रेघ हळूहळू उतरत नव्हती, एका क्षणात पायरीसारखी खाली आली होती. दमलेला पाय असा पायरीनं उतरत नाही. दुसरी गोष्ट आणखी गमतीची. वळणाआधी ती पेडल पूर्ण सोडायची, तेव्हा आलेखात शून्य दिसायला हवं. तिथे उणे साडेसात टक्के दिसत होतं. बायांनो, सोडलेलं पेडल शून्याच्या खाली कसं जाईल? ब्रेकच्या दाबाची रेघही नेमकी त्याच क्षणी शून्याखाली गेलेली. म्हणजे खोट पायात नव्हती, मोजण्यात होती.

रविवारी मी मल्टिमीटर घेऊन कॉलेजात गेले. लॉगरची निगेटिव्ह तार कुठे जोडली ते आधी बघितलं. चासीला एक पट्टी होती, तिला बोल्टनं थिंबल कसलं होतं. रेडिएटरच्या पंख्याची निगेटिव्हही त्याच पट्टीवर. आणि पट्टीच्या खाली छान चकचकीत काळं पावडर कोटिंग! पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजलेला रंग. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांपाशी जेवढं लोखंड उघडं पडलं होतं, तेवढ्यावर सगळा कारभार चालला होता.

मी मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, लाल पिन त्या पट्टीला. पंखा बंद, मीटर जवळजवळ शून्य. पोरांना म्हटलं, "पंखा लावा." मीटर 0.3 व्होल्ट दाखवायला लागलं.

याचा हिशोब सोपा आहे. पंखा साधारण 10 ॲम्पिअर ओढत होता. त्या खराब जोडाचा अडथळा फक्त 0.03 ओहम होता. दोन्हींचा गुणाकार 0.3 व्होल्ट. ॲक्सिलरेटरचा सेन्सर अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत चालतो, म्हणजे त्याची सगळी धाव 4 व्होल्टची. त्यातले 0.3 गेले की झाले साडेसात टक्के! इंजिन तापलं की पंखा लागायचा, आणि लॉगरची जमीनच 0.3 व्होल्टनं वर उचलली जायची. पाण्यात उभं राहून उंची मोजली तर माणूस बुटका दिसणारच. इंजिनच्या कॉम्प्युटरची निगेटिव्ह थेट बॅटरीवर होती, त्यामुळे त्याला बरोबर आकडा मिळत होता. लॉगर मात्र चुकीचं लिहीत होता.

मग आम्ही सगळं नव्यानं जोडलं. ते कसं, हे सांगते, कारण तुमच्या स्कूटरला जीपीएस किंवा मोबाइल चार्जर बसवतानाही यातलं बरंचसं लागू पडतं.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाही. जोडताना ती शेवटी लावायची.

पॉझिटिव्ह तारेत फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. लॉगरला अर्धा ॲम्पिअरही लागत नाही, म्हणून आम्ही 2 ॲम्पिअरचा फ्यूज घातला. पुष्कळजण फ्यूज यंत्राजवळ लावतात. मग मधली तार घासून चासीला टेकली तर तिला अडवणारं कुणी नाही. बॅटरी शेकडो ॲम्पिअर सोडू शकते, तार शेगडीच्या कॉईलसारखी लाल होते. फ्यूज यंत्रासाठी नसतो, तारेसाठी असतो.

वीज घ्यायची ती चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या तारेतून. थेट बॅटरीवर ठेवलं तर गाडी उभी असतानाही लॉगर थोडी थोडी वीज खातो, आणि नेमकं सकाळी सेल्फ उचलत नाही.

निगेटिव्ह दोन प्रकारच्या असतात, त्या मिसळायच्या नाहीत. लॉगरची वीज परत नेणारी निगेटिव्ह आम्ही थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेली. सेन्सरची निगेटिव्ह कॉम्प्युटरच्या सेन्सरसाठी राखलेल्या पिनवरच ठेवली. पंखा, पंप अशी जास्त वीज ओढणारी मंडळी वेगळ्या वाटेनं. त्या पट्टीखालचा रंगही खरवडून लोखंड उघडं केलं, घट्ट कसलं आणि गंजू नये म्हणून वरून ग्रीस लावलं.

सेन्सरच्या तारा इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरपासून लांब ठेवल्या. जोड पिळून टेप गुंडाळून केले नाहीत, योग्य पक्कडीनं क्रिंप करून वर स्लीव्ह चढवली. रेसिंग गाडी थरथरते, पिळलेला जोड त्यात सुटतो.

आणखी एक. आजच्या गाड्यांत कॅन नावाची दोन तारांची वेणी असते. बॉश कंपनीनं ही पद्धत 1986 साली पुढे आणली. गाडीतली यंत्रं तिच्यावरून एकमेकांशी बोलतात, आणि लॉगर ते बोलणं ऐकतो. तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. गाडी बंद करून दोन तारांमध्ये मोजलं तर 60 ओहम यायला पाहिजे. इथे 40 आलं. लॉगरबरोबर मुलांनी तिसरा रेझिस्टरही बसवला होता! तो काढला.

दुपारी गाडी पुन्हा पळवली. या वेळी पेट्रोलच्या दाबाचा सेन्सरही लावला होता. दहा मिनिटं झाली, पंखा लागला. ॲक्सिलरेटरची रेघ शंभरावर, दोरीसारखी सरळ. पेडल सोडलं की बरोबर शून्य. आणि डावीकडच्या त्या लांब वळणावर पेट्रोलचा दाब धाडकन खाली! टाकीतलं पेट्रोल कमी झालं की वळणावर ते उजव्या बाजूला चढायचं, पंपाच्या तोंडाशी उरायचं नाही. म्हणून गचके. पोरगी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती.

मुलांनी टाकीत आडवे पडदे बसवले. गचके थांबले. मोठ्या फेरीत तिचं नाव राहिलं. एका मुलानं येऊन "चुकलं आमचं" म्हटलं, बाकीच्यांनी चहा पाजला. आणि मी? मीही तिला फोनवर तेच ऐकवलं होतं. परतताना तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे मावशी, तू निदान मोजलंस तरी."

मैत्रिणींनो, "मशीन खोटं बोलत नाही" असं कुणी म्हटलं की घाबरून जाऊ नका. लाइट बिलाचा आकडा असो, दवाखान्यातलं बीपी असो की गाडीचा आलेख असो, एवढंच विचारा, "हे मोजलं कसं? शून्यावर शून्य दाखवतंय का?" भांडायची गरज नाही. साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो, आणि तो धरायला शिकायला एक दुपार पुरते. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी रविवारी दुकानावर या. मालक तिथेच असते.