हत्यारांचे घर
(चारठाणा येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला ‘आपला धंदा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार लहान. यास्तव त्यातला एकच कोपरा घेतो : सुताराने आपली हत्यारे ठेवावी कोठे?

आपणांपैकी पुष्कळजण सकाळी येथील हेमाडपंती मंदिरे आणि तो उंच कोरीव स्तंभ पाहून आला असाल. दगडावरची ती नक्षी बोथट छिन्नीची नव्हे. धार लावावी लागते, तशीच ती राखावीही लागते. आणि राखण्याच्या बाबतीत आपण फार निष्काळजी आहो, हे मला आज स्पष्ट सांगावयाचे आहे. खंडेनवमीस आपण रंधा-करवतीला हळदकुंकू वाहतो, फूल ठेवतो, नमस्कार करतो. दुसऱ्या दिवशी तीच हत्यारे गोणपाटात कोंबली जातात. पटाशीची धार कानशीवर आपटते, करवतीचे दात गुण्याला घासतात, आणि मृगाचा पाऊस पडला की सर्वांवर एकदमच तांबेरा चढतो.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी माझाच सांगतो. 1984 साली माझे वडील वारले. बलुत्याच्या काळापासून चालत आलेली त्यांची हत्यारे एका पोत्यात होती. मी तेव्हा शहरात कामाला होतो. घर आवरताना ते पोते मी भंगारवाल्यास वजनावर दिले. एक जाड रंधा तेवढा पोत्याबाहेर राहिला होता, म्हणून वाचला. पुढे हातात घेऊन पाहिला, तेव्हा त्याची मूठ वडिलांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झालेली दिसली. आपण काय विकले, ते मला त्या दिवशी कळले. असो.

इंग्लंडातील चॅथम गावी बेंजामिन सीटन नावाचा एक तरुण होता. 1796 साली त्याच्या बापाने लंडनच्या एका व्यापाऱ्याकडून त्याला सुतारकामाची पूर्ण हत्यारे घेऊन दिली; आणि मुलाने 1797 मध्ये त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने पेटी बांधली. ती आज रोचेस्टरच्या संग्रहालयात आहे. (त्याने हत्यारे फारशी वापरली नसावीत, म्हणूनच ती इतकी नवी राहिली, असे जाणते म्हणतात! तो भाग आपण घेऊ नये.) दुसरा कारागीर अमेरिकेतील हेन्री स्टडले. हा पियानो बनविणारा. 1925 साली वारला. त्याची भिंतीवरची पेटी बंद केली म्हणजे सुमारे 40 इंच उंच आणि 20 इंच रुंद. पण उघडली की अडीचशेहून अधिक हत्यारे एकामागे एक थरांत मांडलेली दिसतात. पुढचा थर दारासारखा फिरतो, मागे दुसरा निघतो. प्रत्येक हत्याराला त्याच्या आकाराची खोबण आहे. एखादे हत्यार परत ठेवावयाचे राहिले, तर रिकामी खोबण मालकास ताबडतोब सांगते.

आपणांस शिसवी आणि हस्तिदंताची गरज नाही. मराठवाड्यात माळवदाची घरे पडत आहेत, आणि त्यांचे जुने सागवान उत्तम मुरलेले असते. मात्र आत दडलेला खिळा आधी शोधावा, नाहीतर रंध्याच्या पात्याला खांडा पडतो. कपाट करण्यापूर्वी जमिनीवर कागद पसरून त्यावर सगळी हत्यारे मांडावी. रोज लागणारे हाताच्या उंचीला, क्वचित लागणारे वर, आणि जड रंधे तळाशी. चौकट पाऊण इंची फळीची, कोपरे डोव्हटेल सांध्याचे. पाठीची फळी खाचेत मोकळी बसवावी, सरस लावू नये. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि जागा न मिळाल्यास चौकटच फोडते. दारे उथळ पेट्यांसारखी करावी, म्हणजे आतल्या बाजूस करवती टांगता येतात. अशा दाराला दोनऐवजी तीन बिजागऱ्या हव्यात. पटाशी मूठ वर करून फटीत उभी राहावी, तिची धार कशालाही टेकू नये.

तेलाविषयी एक सूचना. लोखंडाला जवसाचे तेल लावू नये. ते वाळून चिकट पापुद्रा धरते. ते लाकडाला शोभते. लोखंडाला यंत्राचे पातळ तेल चिंधीने पुसावे. जुने कारागीर पेटीत कापराची वडी ठेवीत, तीही ठेवावी.

हे आजच सांगण्याचे कारण असे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत सुतारकाम आहे, आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य आहे. अशी नवी हत्यारे मी काही घरी पाहिली. कोठे ती पलंगाखाली होती, कोठे खोके अजून उघडलेलेही नव्हते. आमची मुले आता यंत्रावर प्लायवूड कापतात. त्यात कमीपणा नाही, पोट त्यावरच चालते. पण दाराचा अडलेला कोपरा शेवटी रंध्यानेच उतरवावा लागतो, आणि त्या वेळी रंधा गंजलेला निघतो.

गेल्या वर्षी मी आणि माझ्या नातीने मिळून एक कपाट बांधले. सांधे तिने कापले. दोन ढिले झाले, ते तसेच ठेवले आहेत. त्यात वडिलांचा रंधा बसविला, आणि माझ्या आठवणीने त्यांच्या इतर हत्यारांच्याही खोबणी कोरल्या. सामता एका स्नेह्याने दिला, गुण्या बाजारात मिळाला. वाकसाची जागा अजून रिकामी आहे. आपणांपैकी कोणाच्या घरी जुना, दांड्यासह वाकस पडून असेल, तर जेवणानंतर मला मंडपाच्या डाव्या बाजूस भेटावे. वजनावर नव्हे, मागाल ती किंमत देईन.