दोन बोटं कमी

दावं हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गोठ्यातली गाय दाव्याला बांधतात, वासरू दावं तोडून आईकडे पळतं. संस्कृतात दोरीला 'दाम' म्हणतात. त्या दामाचंच मराठीत दावं झालं. आणि उदर म्हणजे पोट. ज्याच्या पोटाला दावं बांधलं गेलं, तो दामोदर.

आपल्याकडे गावोगावी दामू आहेत, दामूअण्णा आहेत. संध्येच्या चोवीस नावांतलं बारावं नाव दामोदर. कार्तिक महिन्यालाही वैष्णव परंपरेत याच नावाने ओळखतात. मला याचं नेहमी नवल वाटत आलं आहे. श्रीकृष्णाने पूतनेला मारलं, कालियाच्या फण्यांवर नाच केला, गोवर्धन उचलला. या पराक्रमांची नावं त्याला मिळाली, हे समजण्यासारखं आहे. पण आईने ज्या दिवशी त्याला पकडून उखळाला बांधलं, त्या दिवसाचंही नाव झालं, आणि ते लोकांनी इतक्या प्रेमाने आपल्या मुलांना ठेवलं. असं त्या दिवसात काय होतं?

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती सोलापुरात, आम्ही राहत होतो त्या वाड्यात. श्रावण आला की शेजारच्या काकू ओसरीवर बसून 'हरिविजय' वाचत. श्रीधरस्वामींनी १७०२ साली पंढरपुरात पूर्ण केलेला हा ग्रंथ तेव्हा पुष्कळ घरांत असे. काकू चार ओव्या वाचायच्या आणि मग चष्मा कपाळावर चढवून आपल्या भाषेत अर्थ सांगायच्या. वाड्यातल्या बायका चौकात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या असत. त्यात माझी अम्माही असे. हात पान कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत असायचे आणि कान ओसरीकडे असायचे.

घरात लहान मूल आणि कामाचा ढीग असला की त्या काळच्या आया एक सोपा उपाय करायच्या. जुन्या लुगड्याची पट्टी मुलाच्या कमरेला आणि तिचं दुसरं टोक बाजेच्या खुराला. पलीकडे पेटता स्टो, अलीकडे कात्री, दाराबाहेर रस्ता. मला असं बांधलेलं होतं म्हणतात. माझ्या धाकट्या भावाला बांधलेलं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे यशोदेने कृष्णाला बांधलं हे ऐकून मला काही विशेष वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हणजे देवालाही बांधतात!

गोष्ट आपल्याला माहीत आहेच, पण भागवताच्या दशम स्कंधात ती जशी येते तशी एकदा आठवून पाहू. घरच्या दासी दुसऱ्या कामात गुंतल्या आहेत, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळते आहे. कृष्ण येतो, रवी धरतो, दूध मागतो. ती त्याला मांडीवर घेते. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जायला लागतं. ती त्याला तसाच खाली ठेवून धावते. पोराचं पोट भरलेलं नाही. त्याला राग येतो, तो दगडाने दह्याचं मडकं फोडतो आणि आत जाऊन पालथ्या उखळावर चढून माकडाला लोणी वाटायला लागतो. यशोदा काठी घेऊन मागून येते. तो पळतो. ती धावून धावून त्याला गाठते. तो रडतो आहे, डोळे चोळतो आहे, काजळ गालभर पसरलं आहे. ते पाहून ती पहिली गोष्ट काय करते? हातातली काठी टाकून देते. आणि मग दोरी आणते.

दोरी दोन बोटं कमी पडते. ती दुसरी जोडते. तीही दोन बोटं कमी. तिसरी जोडते. पुन्हा दोन बोटं. घरातल्या सगळ्या दोऱ्या संपतात, गोपी हसायला लागतात, यशोदेला घाम फुटतो, केसांतली फुलं गळून पडतात. आणि तिची ती दमछाक पाहून कृष्ण स्वतःच बांधला जातो.

काकू इथे थांबल्या होत्या, कारण अम्माने मध्येच विचारलं होतं, "मग? पुरली का दोरी?"

काकू म्हणाल्या, "यशोदा दमली, तेव्हा पुरली हो भाभी."

अम्मा सुपातलं पान उचलत म्हणाली, "दमल्याशिवाय कुठं काय पुरतंय?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. त्या वाक्यात काय होतं, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

मी मुसलमान आहे. अल्लाह एक आहे, त्याला कुणी जन्म दिला नाही आणि त्याला कुणी जन्माला घातलेलं नाही, ही माझी श्रद्धा आहे. तेव्हा देव पाळण्यात झोपतो, लोणी चोरतो, आईच्या काठीला घाबरतो, या गोष्टी माझ्या कोण लागतात, असा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला गेला आहे. कुणी कुतूहलाने विचारला, कुणी रागाने. मी कविता लिहायला लागल्यावर तर जास्तच. माझं उत्तर साधं आहे. मी माझी श्रद्धा सोडली नाही, काकूंनी त्यांची सोडली नाही, पण गोष्ट वाड्याच्या चौकात सांगितली जात होती आणि चौक सगळ्यांचा होता. या वाटेवर मी काही पहिला नाही. गोकुळाजवळ महावनात रसखानांची समाधी आहे. आग्र्याच्या नज़ीर अकबराबादींनी कन्हैयाच्या बालपणावर मनसोक्त लिहिलं. आणि आपल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला. मोठ्या माणसांच्या पावलांनी वाट रुळलेली असते, आपण फक्त चालायचं असतं.

तर ती दोन बोटं. वैष्णव आचार्यांनी त्यांचा फार सुंदर अर्थ लावला आहे. एक बोट भक्ताच्या कष्टाचं आणि दुसरं देवाच्या कृपेचं. नुसत्या कष्टाने दोरी पुरत नाही, कारण मग माणसाला वाटेल, मीच बांधलं. आणि नुसत्या कृपेची वाट पाहत बसलं तरी पुरत नाही. यशोदा पहिल्या दोरीनंतर कपाळाला हात लावून बसली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती.

हा अर्थ वाचला तेव्हा मला आमच्याकडची एक हदीस आठवली. तिचा आशय असा की, बंदा वीतभर माझ्याकडे आला तर मी हातभर त्याच्याकडे जातो, तो चालत आला तर मी धावत जातो, असं अल्लाह सांगतो. एका ठिकाणी बोटं, दुसऱ्या ठिकाणी वीत आणि हात. श्रद्धा वेगळ्या आहेत, त्या मी एक करत नाही. पण माणूस आणि त्याचा परमेश्वर यांच्यामधलं अंतर मोजायला दोन्हीकडे मोजपट्टी आपल्या हाताचीच घेतली आहे, हे मला फार जवळचं वाटतं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला थोडं जड जातं.

अम्मा शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. तिला विस्मरण झालं होतं. दिवसा ती शांत असायची. रात्री उठायची आणि दार शोधायची. कधी म्हणायची, कारखान्यात विड्या द्यायच्या आहेत. कधी म्हणायची, पोरगं रस्त्यावर गेलंय. एकदा पडली, कपाळाला टाके पडले. मी दिवसभर नोकरी करायचो आणि रात्री जागायचो. एका पहाटे, तीनचा सुमार असेल, ती चौथ्यांदा उठली. मी तिची ओढणी घेतली आणि तिचं मनगट खाटेच्या दांड्याला बांधलं. गाठ घट्ट मारली. खरं सांगायचं तर जरुरीपेक्षा जास्त घट्ट मारली. त्या गाठीत काळजी थोडी होती आणि राग पुष्कळ होता.

ती म्हणाली, "छोड रे बाबा, मैं कां जातूं?"

सकाळी वजूसाठी तिचे हात धुवायला घेतले तेव्हा मनगटावर लाल वळ दिसला. तिला काही आठवत नव्हतं. ती माझ्याकडे पाहून हसली. मला मात्र त्या वळावरून नजर काढता येईना. ज्या बाईने मला बाजेच्या खुराला बांधलं होतं, तिच्या पट्टीचा वळ माझ्या कमरेवर कधी उठल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी मला काकूंची गोष्ट आठवली, आणि इतकी वर्षं मी तिच्यातला एक तपशील नजरेआड केला होता हे लक्षात आलं. यशोदेने आधी काठी टाकली, मग दोरी घेतली. मी दोरी घेतली होती, पण काठी टाकली नव्हती. माझी काठी माझ्या मनात होती.

घरी येणाऱ्या नर्सबाईंना मी घडलेलं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, बांधू नका. बांधल्याने माणूस जास्त घाबरतं, ओढाताणीत इजा होते. खाट खाली घ्या, रात्री एक दिवा राहू द्या, संडासापर्यंतची वाट मोकळी ठेवा." मी तसं केलं. खाटेऐवजी जमिनीवर गादी घातली आणि तिच्या शेजारी स्वतः झोपायला लागलो. ओढणीचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि दुसरं तिच्या हातात नुसतं दिलं. ती उठली की ओढणी हलायची, मी जागा व्हायचो. दोघं दारापर्यंत जायचो, बाहेर रस्ता पाहायचो, परत यायचो. हळूहळू तिचं उठणं कमी झालं. कधी कधी मात्र न उठताच ती ओढणी ओढायची. मी विचारायचो, "काय अम्मा?" ती म्हणायची, "कुछ नै." पलीकडे कुणी आहे का, एवढंच तिला बघायचं असायचं.

दोरीला दोन टोकं असतात, हे मला त्या रात्रींनी शिकवलं. आपण एक टोक दुसऱ्याला बांधतो आणि दुसरं खुंटीला, खाटेला, उखळाला. पण आईच्या दोरीचं दुसरं टोक तिच्याच जिवाला बांधलेलं असतं. यशोदा कामाला गेली तरी तिचं मन उखळापाशीच राहिलं असणार.

आणि गोष्ट उखळापाशी थांबतही नाही. अंगणात दोन अर्जुनवृक्ष उभे आहेत. ते कुबेराचे मुलगे, नलकूबर आणि मणिग्रीव. पैशाच्या धुंदीत लाजही विसरले, म्हणून नारदांच्या शापाने झाडं झाले. कृष्ण उखळ ओढत त्या दोन झाडांमधून जातो, उखळ आडवं अडकतं, झाडं उन्मळतात आणि ते दोघे मोकळे होतात. पाहा, ज्यांना कुणी कधी बांधलं नव्हतं ते जागीच खिळून उभे राहिले, आणि जो बांधलेला होता त्याने त्यांना सोडवलं. मायेच्या माणसांनी बांधलेलं दावं ओझं असतं खरं, पण त्या ओझ्यासकट माणूस पुष्कळ लांब जातो.

शेवटी कृष्णाला कोण सोडवतं? झाडं पडल्याचा आवाज ऐकून नंदबाबा धावत येतात, दोरीने बांधलेला मुलगा उखळ ओढताना पाहतात, हसतात आणि गाठ सोडतात. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. रागात मारलेली गाठ, मारणाऱ्यालाच सोडवेल असं नाही. घरात एक नंद लागतो, जो हसत येईल. माझ्या घरी त्या नर्सबाई आल्या.

आज आपण मुलांना वेळापत्रकांनी बांधतो, म्हाताऱ्यांना खोलीशी बांधतो, आणि दोरी पुरत नाही म्हणून चिडतो. बांधू नये असं मी म्हणत नाही. रांगतं पोर रस्त्यावर जात असेल तर त्याला धरायलाच हवं. फक्त दोरी हातात घेण्याआधी काठी खाली ठेवली आहे ना, एवढं पाहावं. आणि दोन बोटं कमी पडली, तर आपण अजून पुरेसे दमलेलो नाही, असं समजून आणखी एक दोरी जोडावी. उरलेल्या बोटाची काळजी ज्याने त्याने आपापल्या परमेश्वरावर सोपवावी.

अम्मा २०१९ साली गेली. ती ओढणी कपाटात आहे. आजही पहाटे तीनच्या सुमाराला मला जाग येते. मनगटाला काही नसतं, पण मी उठतो आणि दारापर्यंत जाऊन येतो.