मुंबई की पुणे?



नवे लग्न झालेले जोडपे पोटापाण्यासाठी गाव सोडायला निघते. मग घरात प्रश्न उभा राहतो. मुंबईला जावे, की पुण्याला? आज मी त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

पूर्वी आपल्या सातारा भागात हा प्रश्न फारसा पडत नसे. माण-खटावचा तरुण मुंबईच्या गिरणीची वाट धरायचा. गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा आणि खाणावळीत जेवायचा. बायको बहुधा गावीच राहायची.

पुढे दिवस पालटले. 1954 साली पुण्याजवळ पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना निघाला. 1962 साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी, चिंचवड, भोसरी या बाजूला कारखाने वाढत गेले. इकडे मुंबईत 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. आता गावाहून निघणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. दोन्ही शहरांमध्ये रेल्वेने अंतर अवघे 192 किलोमीटर. पण संसार दोन्हीकडे सारखा होत नाही.

आमच्या शेजारचे असेच एक जोडपे. नवऱ्याला दोन्हीकडून काम आले होते. मुंबईला पगार 22 हजार, पुण्याला 18 हजार. तो म्हणाला, “गुरुजी, यात विचारायचं काय? चार हजार जास्त मिळतात. मुंबई!”

मी म्हटले, “बाबा रे, तोंडी हिशेब करू नको. लिहून काढ.”

त्याची बायको साक्षरता वर्गाला येत असे. ती म्हणाली, “अहो, कागद आणा. मीच लिहिते.”

तिने कागदाच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे. मुंबईचा पगार 22 हजार. नालासोपाऱ्याला खोलीचे भाडे नि विजेचे बिल मिळून 9 हजार. जाण्यायेण्याचे 1 हजार. राहिले 12 हजार. पुण्याचा पगार 18 हजार. भोसरीला खोली 5 हजार. जाणेयेणे 1 हजार. राहिले 12 हजार!

नवरा कागदाकडे बघतच राहिला. चार हजार गेले कुठे? भाड्यात गेले.

मग मी म्हटले, “आता वेळ लिहा.” मुंबईला काम लोअर परळला. खोलीतून निघून कामावर पोचायला दोन तास, परत यायला दोन तास. रोजचे 4 तास. महिन्याचे 26 दिवस धरले तर 104 तास. पुण्याला रोजचा 1 तास, म्हणजे 26 तास. फरक पडला 78 तासांचा. आठ तासांची एक पाळी धरा. जवळजवळ दहा पाळ्या लोकलमध्ये नि रस्त्यात जाणार! त्याची मजुरी कोण देतो?

एवढे झाल्यावर ती हळूच म्हणाली, “गुरुजी, या कागदावर माझं काहीच नाही.”

मंडळी, खरे सांगतो, मलाही ते सुचले नव्हते. तिला शिवणकाम येत होते. माहेरहून शिलाई मशीन आले होते. ते कुठे ठेवणार? काम कुठे मिळणार? अडीनडीला कोण धावून येणार? तिने या तीन गोष्टी लिहिल्या. मुंबईला तिची मावशी होती. पुण्याला कोणीच नव्हते.

मग दोघे दोन्ही ठिकाणी जाऊन आली. मावशीकडे दोन दिवस राहिली. तिथली खोली इतकी लहान की मशीन ठेवले तर अंथरूण टाकायला जागा उरत नव्हती. भोसरीची खोली मोठी होती. पण तिने घरमालकाला विचारले, “मशीन चालवलं तर चालेल ना?” तो म्हणाला, “छे, छे! आवाज होतो.” विचारले म्हणून कळले. पुढच्या गल्लीत दुसरी खोली मिळाली. भाडे 500 रुपये जास्त. शेजारीच शिवणकामाचे दुकान होते. दुकानदार घरी काम द्यायला तयार होता.

त्यांनी पुणे निवडले. नवऱ्याच्या पगारातून आता साडेअकरा हजारच उरतात. पण तिची कमाई वेगळी, आणि तो दिवेलागणीला घरी येतो. पहिले सहा महिने मात्र तिला फार एकटे वाटले. मावशीची आठवण येऊन ती रडत असे. तेही खरे आहे.

पुणे चांगले नि मुंबई वाईट, असे माझे म्हणणे नाही. एखादीला मुंबईतच काम मिळेल, खोलीही जवळ मिळेल. तिने मुंबईच निवडावी. पण दोघांनी मिळून निवडावी.

आणखी दोन गोष्टी ध्यानात धरा. खोलीचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत किती, परत केव्हा, हे त्यात वाचून पाहा, मगच सही करा. दुसरे, रेशनकार्ड बरोबर न्या. आधार जोडलेले असेल तर त्याच कार्डावर दुसऱ्या शहरातही आपल्या हक्काचे धान्य मिळते.

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. मग एवढा मोठा निर्णय ऐकीव गोष्टींवर कशाला घेता? कागद घ्या. मधोमध रेघ ओढा. आणि त्यावर दोघांचेही लिहा.