भाड्याची वास्तू आणि साधारण खाते



देवद्रव्यातून उपाश्रयाचे वीजबिल किंवा पाठशाळेतील शिक्षकांचे वेतन देता येत नाही, हे येथे उपस्थित सर्वजण जाणतातच. त्यामुळे अनेक संस्थांत देवद्रव्याचे खाते संपन्न, तर साधारण खाते तुटीत असते. पर्युषणातील आवाहनाने ती तूट वर्षापुरती भरून निघते. तिला कायमचा आधार असतो तो साधारण खात्यासाठी अर्पण झालेल्या गाळ्यांच्या भाड्याचा.

काही श्रावकांच्या मनात येथे शंका येते, कारण पंधरा कर्मादानांत 'भाटककर्म' वर्ज्य सांगितले आहे. परंतु हेमचंद्राचार्यांच्या 'योगशास्त्रा'त त्याचा अर्थ गाड्या व ओझ्याची जनावरे भाड्याने देऊन उपजीविका करणे असा आहे. गाळ्यात कोणता व्यवसाय चालतो, याची दक्षता मात्र घ्यावीच लागते.

विश्वस्तांचा खरा कटू अनुभव निराळाच आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे, अथवा त्यानंतर जागा प्रथम दिली तेव्हाचे, भाडे प्रमाण मानले. पुढे महागाई वाढत गेली, भाडे तेथेच राहिले. काही ठिकाणी वर्षाच्या भाड्यातून कौले शाकारणेही परवडेना! 'गाळे विकून टाका' हा सूर तेव्हापासूनचा.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि भाडे दरवर्षी चार टक्क्यांनी वाढविण्याचा हक्क मालकास मिळाला. वाढ अल्प वाटते; परंतु एक हजार रुपयांचे भाडे या गतीने अठरा वर्षांत दोन हजारांपुढे जाते, शिवाय वास्तू संस्थेचीच राहते. गाळा विकून केलेल्या मुदतठेवीचे व्याज दरवर्षी खर्चून टाकले, तर मुद्दल मात्र आहे तेवढेच राहते. मोठी पागडी घेऊन नाममात्र भाडे ठरविणे हीदेखील एक प्रकारची विक्रीच होय; एका पिढीने रक्कम वापरायची आणि पुढच्यांनी दुरुस्ती करायची!

लाभ होतो तो दप्तर चोख असेल तरच. करार लेखी व नोंदणीकृत हवा. त्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. तीन वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा किंवा विक्री यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मालमत्ताकर, दुरुस्ती आणि गाळा रिकामा राहण्याचे महिने वजा करूनच उत्पन्न धरावे, आणि दुरुस्तीचा निधी भाडे जमा होताच वेगळा काढावा.