पँथर आधी मतपत्रिकेवर होता

(मुंबईतल्या एका वस्तीत तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी आज अमेरिकेतल्या निवडणुकांवर बोलणार म्हटल्यावर मागून कुणीतरी बोललं, "इथं नळाला पाणी नाही आणि याला अमेरिका सुचतेय." मी ऐकलं. राग नाही आला. पण जरा दम धरा. गाडी शेवटी नळावर नाही तरी गटारावर येणारच आहे.

मुद्दा साधा आहे. अमेरिकेत निवडणूक झाली की आपले पेपर काय छापतात? लाल लाट आली की निळी. शेअर बाजार चढला की पडला. आणि न्यू जर्सीतल्या भाच्याच्या व्हिसाचं काय होणार. बस्स. निकाल लागल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला कष्टकरी काळा माणूस उठला, त्यानं काय केलं? ज्याच्या शेतात राबायचं, त्याच्याच विरोधात मत दिलेलं, त्याच्यासमोर तो कसा उभा राहिला? हे कुणी विचारत नाही. मी आज तेवढंच विचारणार आहे.

आधी एक गोष्ट सरळ करून घेऊ. मध्यावधी निवडणूक म्हटलं की आपल्याला वाटतं सरकार पडलं. तिथं तसं नाही. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांचा. त्याच्या मुदतीच्या मधोमध, दोन वर्षांनी, ठरलेल्या नोव्हेंबरात ही निवडणूक होतेच होते. खालच्या सभागृहाच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या साधारण एक तृतीयांश, आणि बऱ्याच राज्यांचे गव्हर्नर. पण खरी मजा त्याच्या खाली आहे. गावचा शेरीफ, म्हणजे फौजदार समजा, तोही लोक निवडतात. जमिनीवर कर किती लावायचा ते ठरवणारा निवडतात. शाळेचं मंडळ निवडतात. म्हणजे तुमच्या पाठीत लाठी घालायची की नाही हे ठरवणारा माणूस मतपत्रिकेवर असतो. म्हणून तर काळ्या माणसाला मतपत्रिकेपासून लांब ठेवायचं!

आता अलाबामा राज्यात चला. लाउंड्स काउंटी. काउंटी म्हणजे आपला तालुका-जिल्हा धरा. शंभरातली ऐंशी माणसं काळी. कापसाची जमीन मूठभर गोऱ्या घराण्यांची. १९६५ साल उजाडलं तेव्हा मतदारयादीत काळा माणूस किती? शून्य. एकही नाही. आणि गोरे? यादीतली गोरी नावं जिवंत गोऱ्या प्रौढांपेक्षा जास्त. मेलेला गोरा मत देऊ शकत होता, जिवंत काळा नाही.

मार्च १९६५ मध्ये जॉन ह्युलेट आणि त्याचे सोबती नाव नोंदवायला कचेरीत गेले. त्याच महिन्यात मोर्च्यातल्या लोकांना गाडीतून ने-आण करणाऱ्या व्हायोला लिउझो या गोऱ्या बाईला याच काउंटीतल्या हमरस्त्यावर गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि दोन आठवड्यांच्या आत हेनव्हिल गावात जोनाथन डॅनियल्स या तरुणाला दिवसाढवळ्या मारलं. मारणारा गोऱ्या ज्युरीसमोरून निर्दोष सुटला. ज्यांनी नाव नोंदवलं त्या कुळांना मालकांनी जमिनीवरून हाकललं. ते हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून राहिले. रात्री त्या तंबूंवर गोळ्या झाडल्या जायच्या. तरी यादीतून नाव काढून घ्यायला ते गेले नाहीत. बहिष्काराचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको.

स्टोकली कारमायकेल आणि त्याच्या विद्यार्थी संघटनेची पोरं तिथं येऊन राहिली. स्थानिक लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अलाबामाच्या कायद्यानं पक्षाला चित्र लागायचं, कारण पुष्कळ मतदारांना वाचता येत नव्हतं. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चित्र पांढरा कोंबडा. १९६६ उजाडेपर्यंत त्या कोंबड्यासोबत 'गोऱ्यांचं वर्चस्व' असे शब्द असायचे, उघड, छापील. काळ्यांनी आपलं चित्र निवडलं, झेप घ्यायच्या तयारीतला काळा पँथर.

ऐकलंत का? पँथर आधी मतपत्रिकेवर होता! ऑकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली ती ऑक्टोबर १९६६ मध्ये, चित्र लाउंड्सचं घेऊन. तिथून ते नाव १९७२ साली मुंबईत आलं आणि दलित पँथर झाली. आपल्या पोरांनी बंदुकीचा फोटो पाहिला, काळी जाकिटं पाहिली. निरक्षर शेतमजुरीण ज्या चित्रावर खूण करणार होती ते चित्र आपण पाहिलंच नाही.

माझी आजी अशीच निरक्षर. १९५२ च्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर निशाणी. आजी सांगायची, "मी हत्तीच्या पेटीत टाकलं, हात लावून बघितलं हत्तीला." शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. त्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून बाबासाहेब हरले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. मी लहानपणी आजीला विचारलं, मग तू काय केलंस? ती म्हणाली, "काय करनार, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. पन मान वर करून गेले." हे वाक्य डोक्यात ठेवा. मला पुढं लागणार आहे.

८ नोव्हेंबर १९६६. मध्यावधी निवडणुकीचा दिवस. पँथरचे सात उमेदवार. शेरीफपासून शाळा मंडळापर्यंत. मळेवाल्यांनी आपल्या काळ्या मजुरांना ट्रकमध्ये भरून आणलं आणि कोंबड्याला मत द्यायला लावलं. आपल्याकडं मतदानाच्या आदल्या रात्री काय काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना हा ट्रक लगेच ओळखता येईल. निकाल लागला. सातही पडले.

ऐंशी टक्के काळ्यांच्या काउंटीत सातही काळे उमेदवार पडले! बाहेरचे शहाणे म्हणाले असतील, बघा, यांना एकी जमत नाही. पण लोकांनी काय केलं? त्यांनी मतं मोजली. पक्षाला इतकी मतं पडली होती की कायद्यानं तो आता अधिकृत पक्ष झाला. दीड वर्षापूर्वी जिथं यादीत एक नाव नव्हतं, तिथं पक्ष उभा राहिला होता. तो हरलेला पक्ष घेऊन ते परत वस्त्यांत गेले. पुन्हा हरले. पुन्हा गेले. नोव्हेंबर १९७०, परत मध्यावधी. जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आला. पाच वर्षांपूर्वी ज्याला नाव नोंदवायला कचेरीत धडपडावं लागलं होतं, तो फौजदार झाला. बावीस वर्षं राहिला.

टाळ्या वाजवू नका. गोष्ट संपलेली नाही.

आता फ्लोरिडा. नोव्हेंबर २०१८, मध्यावधी. तिथं १८६८ च्या राज्यघटनेपासून एक कलम होतं. मोठ्या गुन्ह्यात शिक्षा झाली की मताचा हक्क जन्मभर गेला. शिक्षा भोगून घरी आलास, तरी गेला. गुलामगिरी कायद्यानं संपली, लगेच हे कलम आलं. योगायोग नाही. पोलीस कुणाला पकडतो, यावर मतदार कोण हे ठरायला लागलं. राज्यातल्या पाच काळ्या प्रौढांत एकाला तरी मत नव्हतं. आपल्याकडं हसू नका. आपल्या कायद्यात तुरुंगात असलेल्या माणसाला मत नाही, खटला चाललेल्या कच्च्या कैद्यालासुद्धा नाही. सुटका फक्त स्थानबद्धाला. आणि कच्च्या कैद्यांत आपली माणसं किती, हे कोणत्याही जेलच्या दारात भेटीच्या दिवशी उभं राहून मोजा.

फ्लोरिडात तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांनीच सह्या गोळा केल्या, दारोदार फिरले आणि प्रश्न मतपत्रिकेवर आणला. साठ टक्के लागत होते. साडेचौसष्ट टक्के मिळाले, ५१ लाखांहून जास्त मतं. चौदा लाखांच्या आसपास माणसांना मत मिळणार होतं. ८ जानेवारी २०१९ ला नोंदणी सुरू झाली तेव्हा लोक बायकापोरांना घेऊन, चांगले कपडे घालून कचेऱ्यांत गेले. काही जण तिथंच रडले.

आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच लोकांनी गव्हर्नर कुणाला केलं? या दुरुस्तीला विरोध करणाऱ्या रॉन डिसँटिसला. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकानं, पण केलं. विरोधात उमेदवार काळा होता. २०१९ संपायच्या आत कायदा आला, की मत पाहिजे तर आधी दंड, कोर्टाची फी, सगळी थकबाकी भरा. किती थकबाकी आहे, हे सांगणारी एक यादी सरकारकडं नव्हती. म्हणजे बिल न देता म्हणायचं बिल भर. लोक कोर्टात गेले. मे २०२० मध्ये जिंकले, सप्टेंबरमध्ये वरच्या कोर्टात हरले.

ऑगस्ट २०२२ मध्ये, पुढची मध्यावधी तोंडावर आली असताना, वीस जणांवर बेकायदा मतदान केलं म्हणून अटकेची कारवाई जाहीर झाली. त्यांचे गुन्हे दुरुस्तीतून वगळलेले होते म्हणे. पण नावं यादीत कुणी घातली? सरकारी कचेऱ्यांनीच. मतदार कार्ड घरी आलं, माणूस मत देऊन आला, दोन वर्षांनी दारात पोलीस. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यातली ती चित्रं जगानं पाहिली. त्या चेहऱ्यांवर राग नव्हता, गोंधळ होता. "माझं काय चुकलं?" हा चेहरा आपण रोज पाहतो. काही खटले कोर्टानं फेटाळले, तर सरकारनं २०२३ मध्ये कायदाच बदलून घेतला. वीस जण पकडले, पण घाबरले किती असतील?

शेजारच्या जॉर्जियात २०२१ ला कायदा केला. मतदान केंद्राजवळच्या रांगेत उभ्या माणसाला पाणी किंवा खाऊ वाटला तर गुन्हा. लांब रांगा कुठं लागतात? काळ्यांच्या वस्तीत. पाणी! १९२७ चं महाड कुणाला आठवलं नसेल तर त्यानं हात वर करावा. लोक रांगेत उभे राहिले. २०२२ च्या नोव्हेंबरात निकाल पुरा लागला नाही, तर ६ डिसेंबरला परत आले. हो, ६ डिसेंबर. आपण चैत्यभूमीवर होतो, ते तिथं रांगेत होते. आणि मार्टिन ल्यूथर किंगच्या चर्चचा पाद्री राफाएल वॉरनॉक त्यांनी सिनेटवर परत पाठवला.

त्याच नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच राज्यांत एक प्रश्न मतदारांपुढं होता. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीनं गुलामगिरी बंद केली, पण एक फट ठेवली. 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून' चालेल. ही फट आपल्या राज्याच्या घटनेतून काढायची का? अलाबामा, टेनेसी, ओरेगन, व्हरमाँट म्हणाले, काढा. लुइझियानात प्रस्ताव पडला. कारण ऐका. मसुद्याची भाषा अशी भोंगळ झाली की फट उलट रुंद होईल, या भीतीनं प्रस्ताव मांडणाऱ्या काळ्या आमदारानंच लोकांना सांगितलं, नको म्हणा. कायद्याचं वाक्य कोण लिहितो, यावर गुलामगिरी जाते की राहते. घटना लिहिणारा माणूस ज्यांचा बाप आहे, त्यांना हे समजायला वेळ लागू नये.

आणि अलाबामा? तिथं शब्द गेला. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या कैद्यांनी दावा लावला, की आमच्याकडून अजून सक्तीनं काम करून घेतात, खासगी धंद्यांना आम्हाला भाड्यानं देतात. शब्द जातो, काम राहतं. आपल्याकडं १७ वं कलम १९५० पासून आहे. पुढचं तुम्ही बोला.

आता परत लाउंड्सला. काळा शेरीफ आला, काळे अधिकारी आले. हळूहळू पँथरवाले त्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या वळचणीला गेले. कोंबड्याच्या खुराड्यात पँथर! आपले रिपब्लिकन नेते आठवून गप्प बसतो. आणि २०१७ मध्ये बातमी आली, की तिथल्या लोकांच्या पोटात आकडीकृमी सापडले. का? तिथली चिकणमाती पाणी पीत नाही, मैलाटाकी बसवायला हजारो डॉलर लागतात, म्हणून गरिबांच्या घरातला मैला पाइपातून सरळ अंगणात जातो. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या देशात! वर टाकी नाही म्हणून त्याच गरिबांवर गुन्हे. २०२१ मध्ये केंद्रानं चौकशी लावली, २०२३ मध्ये करार झाला, दंड-खटले थांबवायचे ठरलं. वॉशिंग्टनमध्ये सत्ता बदलली आणि एप्रिल २०२५ मध्ये तो करार मोडून टाकला.

म्हणालो होतो ना, गाडी गटारावर येणार.

तर काय, मत फुकट आहे? असं म्हणणारे आपल्यातही आहेत. फुकट असतं तर ते हिसकावायला सरकारं एवढे कायदे कशाला करतील? १९६६ ला लाउंड्सचे लोक हरले आणि दुसऱ्या दिवशी वस्तीत परत गेले, म्हणून १९७० आलं. १९७० ला जिंकले, मग वस्तीतल्या सभा थंडावल्या, म्हणून अंगणातला मैला तसाच राहिला. फ्लोरिडावाले जिंकले, आणि त्यांचा विजय राबवायचं काम त्याच दिवशी विरोधकाच्या हातात गेलं. हरलं की रडायचं आणि जिंकलं की झोपायचं, या दोन्ही गोष्टी मालकाला सारख्याच सोयीच्या.

माझी आजी हरल्यावर मान वर करून कामावर गेली. आपण निकालाच्या रात्री गुलाल खेळतो, डीजे लावतो आणि पाच वर्षं वॉर्डाच्या कचेरीचं तोंड पाहत नाही. या रविवारी मी मतदारयादी घेऊन चाळीत बसणार आहे. कुणाचं नाव गळलंय, जेलमधून सुटून आलेल्या कुणाचं राहिलंय, ते बघायला. त्याच वहीत दुसऱ्या पानावर लिहायचं, कोणतं गटार कधीपासून तुंबलंय आणि त्यात उतरायला कुणाच्या पोराला सांगितलं जातं. निवडणूक लांब आहे म्हणूनच आत्ता. मघाशी मागून नळाचं बोलला तो आधी आला पाहिजे. नळाचं पान त्यानंच लिहायचं.

जय भीम!