मेलेल्या वडिलांचा मेसेज

फिनलंडच्या पत्रकार येसिका आरो यांच्या फोनवर एक मेसेज आला: मी तुझा बाप, मेलेलो नाही, तुझ्यावर नजर ठेवून आहे. वडील वारून तेव्हा वीस वर्षं झाली होती. एकदा फोन आला, त्यात कुणी बोललंच नाही. नुसता गोळी झाडल्याचा आवाज.

या बाईंनी असं केलं काय होतं? सप्टेंबर २०१४मध्ये, ‘यूले’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेत असताना, त्यांनी रशियाधार्जिण्या ट्रोलांचा शोध सुरू केला. ट्रोलांच्या प्रचाराचा साध्या फिनिश माणसावर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी लोकांनाच अनुभव विचारले, आणि त्या आवाहनापासूनच चिखलफेक सुरू झाली. परकीय हेरांची हस्तक म्हणून त्यांची बदनामी झाली. त्या थांबल्या नाहीत. सेंट पीटर्सबर्गला जाऊन त्यांनी ट्रोलांच्या कारखान्याचा माग काढला. तिथं साव्हुश्किना रस्त्यावरच्या ५५ क्रमांकाच्या इमारतीत पगारी माणसं पाळ्यापाळ्यांनी, खोट्या नावांनी मजकूर लिहीत.

लोकांच्या उत्तरांतून जे हाती आलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कित्येकांनी रशियाविषयी ऑनलाइन बोलणंच सोडलं होतं. खरं काय नि खोटं काय, हेच काहींना कळेनासं झालं होतं. म्हणजे कुणाला पटवलं नाही तरी ट्रोलांचं काम फत्ते. माणूस वैतागून गप्प बसला की पुरे. आरोंना गप्प करण्यासाठी तर त्यांचं जुनं, २००४ सालचं अमली पदार्थाच्या सेवनाबद्दल झालेल्या दंडाचं प्रकरण उकरून काढलं गेलं. तरुणपणी झालेली, दंड भरून संपलेली गोष्ट एखाद्या बाईच्या कपाळी जन्मभर चिकटवणं, याला मी टीका म्हणत नाही. ही शिकार आहे.

२०१६मध्ये त्यांना फिनलंडचा मानाचा बॉनिएर पत्रकारिता पुरस्कार मिळाला. छळ थांबला नाही; सुरक्षेसाठी देश सोडून राहण्याची वेळ आली. त्यांनी मात्र पोलिसांत तक्रारी केल्या होत्या. ऑक्टोबर २०१८मध्ये हेलसिंकीच्या जिल्हा न्यायालयानं द्वेषाचं संकेतस्थळ चालवून आरोंची बदनामी करणाऱ्या इल्या यानित्स्किनला एक वर्ष दहा महिन्यांची कैद सुनावली. चार वर्षं सोसल्यावर आलेला हा निकाल, पण आला हे मोलाचं.

२०१९मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं ‘धाडसी महिला’ पुरस्कारासाठी निवड झाल्याचं आरोंना कळवलं आणि मग ते मागे घेतलं. कळवण्यात चूक झाली, असं खातं म्हणालं. पुढच्या वर्षी खात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालातून खरं कारण बाहेर आलं: समाजमाध्यमांवर त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर टीका केली होती.